आंबील आंबटच हवी

आंबील आंबट असावी, इथंच माझं आणि निम्म्या नातेवाइकांचं वाजतं. हल्ली लग्नकार्यात नाहीतर हुरड्याच्या जेवणावळीत आंबील म्हणून जे पुढ्यात येतं ते ताकात कालवलेलं पीठ असतं, वर कोथिंबीर भुरभुरलेली. पांढरं, गुळगुळीत, गोडसर. लोक पितात आणि वा म्हणतात. मी पेला खाली ठेवते आणि म्हणते, ही आंबील नाही. मग भावजय तोंड फिरवते. फिरवू दे. ज्यातलं मला कळतं त्याबद्दल मी गप्प का बसावं?

आणि मला कळतं. ज्वारी रब्बीची हवी. हायब्रीडची आंबील ओठाला बरी लागते आणि घोट गिळला की मागं काहीच उरत नाही. पीठ जात्यावरचं, भरड, बोटांना रवाळ लागेल असं. गिरणीचं पीठ तापून आलेलं असतं, त्याची खळ होते. आंबवायची दोनदा. एकदा कच्चं पीठ पाण्यात, वास उग्र होईपर्यंत. मग ते शिजवून, गार करून, ताक आणि लसूण घालून पुन्हा मडक्यात. लसूण ठेचायचा, वाटायचा नाही. घोट घेतल्यावर आधी आंबट लागावं, मग लसूण, आणि अगदी शेवटी ज्वारीची गोडी. ती गोडी आधीच आली तर आंबील कच्ची आहे. आलीच नाही तर बिघडली आहे.

हे मत मी चुलीपुढं बसून बनवलेलं नाही. ऐंशी सालाच्या पुढं मी लोहाऱ्याला शाळेत विज्ञान शिकवत होते. शेजारी बँकेतलं एक जोडपं राहायचं, सोलापूरहून येताना ते बियरच्या बाटल्या आणत. आम्ही बौद्ध. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील मला लहानपणापासून पाठ आहे, आणि चव बघायला मी पेला हातात घेतला हेही मी कधी लपवलेलं नाही. पहिला घोट इतका गार की जीभच बधिर झाली. मी पेला उंबऱ्यात उन्हाला ठेवला, तर नवराबायको हसायला लागले. कोमट झाल्यावर मग तिचं खरं रूप कळलं. कडूपणा चांगला, जिभेच्या मागं नीट बसणारा, आणि त्याखाली भिजल्या धान्याचा वास. पण आंबटपणा नावाला नव्हता. मी म्हटलं, धान्य चांगलं आहे, करणाऱ्यानं घाई केली.

अलीकडं भाचा मला पुण्यात, जागेवरच बियर करतात अशा एका ठिकाणी घेऊन गेला. छोट्या छोट्या पेल्यांतून तऱ्हातऱ्हा पुढं मांडल्या. काळी होती तिला भाकरीच्या करपल्या पापुद्र्याची चव होती, ती मला आवडली. गव्हाची होती तिला पिकल्या केळाचा वास यायचा, ती मी परत केली. शेवटची आंबट. वाढणारा म्हणाला, ही सगळ्यांना झेपत नाही. मी पेला रिकामा करून त्याच्या हातात दिला. त्या लोकांनी जवाची आंबील केली होती आणि बरी केली होती.

माझी सगळी मापं आईच्या एका मडक्यातून आली. ते मडकं दुष्काळात जगवलं कसं आणि त्यातली आंबील पहिल्यांदा गावाला पाजली कशी, ते सांगते.

आमच्या भागात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आणि लातूरकडं, थंडीत एक अमावस्या येते, तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव रानात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, पिकाला आंबील शिंपायची. मग शेंगदाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे खायचे आणि वर मडक्यातली आंबील. रीत अशी की बांधावरून जाणाऱ्याला, शेजारच्या रानातल्याला हाक मारायची, या आंबील प्यायला. हाक आली की नाही म्हणायचं नाही, मग भाऊबंदकी असो की कोर्टकचेरी. माणूस दिवसभर या रानातून त्या रानात पीत फिरतो आणि रात्री कुणाची कशी झाली होती यावर गावभर चर्चा चालते.

त्या चर्चेत आमच्या आंबिलीचं नाव कधी निघालं नाही. आमचं वावर ओढ्याकाठी होतं, त्याच्या बांधावरून गावातलं कुणी जात नसे. वाट वाकडी करून जायचे. आमची हाक कुणाला ऐकू येऊ नये याची सगळं गाव काळजी घ्यायचं.

आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव आईनंच टोपलीत भरून नदीला नेले होते. वडील टोपलीला हात लावायला कचरत होते, असं ती मोठ्या मजेनं सांगायची. त्यामुळं पुढं वडिलांनी येळवस बंद म्हटल्यावर दगड, चुना, कोप, सगळं तिनं विनातक्रार सोडलं. आंबील सोडली नाही. अमावस्येला ती मडकं डोक्यावर घेऊन आम्हाला रानात न्यायची, आणि पूजा नाही, काही नाही, आम्ही बांधावर बसून आंबील प्यायचो.

"देव सोडले म्या. जीभ न्हाय सोडली," ती म्हणायची.

आमच्या वस्तीतले जाणते तिला म्हणत, "मागल्या दारानं सणच करायलीस की गं तू." गावातले म्हणत, "देव न्हाय तर आंबील कशाला पायजे यांला?" दोघांनाही तिचं उत्तर एकच असायचं, "ज्वारी माझ्या रानातली हाय." वडिलांचा मुद्दा वेगळा होता. आंबलेलं म्हणजे मद्य, आणि मद्य म्हणजे शील मोडलं. एका अमावस्येला आईनं त्यांच्यासमोर लागोपाठ पेले रिचवले, कडब्याचा भारा डोक्यावर घेतला आणि वावराच्या कडेकडेनं सरळ चालून आली. "चढली का?" तिनं विचारलं. वडील हसले नाहीत, पण पुढचा पेला त्यांनी स्वतः भरून घेतला.

ते मडकं ती राखेनं कधी घासत नसे. गार पाण्यानं विसळायचं, सावलीत वाळवायचं, तोंडाला फडकं बांधून आढ्याला टांगायचं. आंबटपणा मडक्यात राहतो, असं ती सांगायची. त्यात काय राहतं ते मला पुढं विज्ञान शिकताना कळलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंसुद्धा. तिला बघायची गरज नव्हती. महिन्यातून एकदा मडक्यात मूठभर पीठ आणि पाणी पडलं पाहिजे, नाहीतर ते मरतं, एवढं तिच्या जिभेला ठाऊक होतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, आडात बादली सोडली की खडखडाट व्हायचा. गुरं छावणीत गेली. रेशनला मिलो यायला लागली, ती लाल परदेशी ज्वारी. मिलोची भाकर थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. पाणी टँकरचं, तेही वस्तीला शेवटी. अशा दिवसांत आई दर महिन्याला मूठभर मिलोचं पीठ आणि तांब्याभर पाणी त्या मडक्यात घालायची.

यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी भाकरीवरून झाली नाहीत. "पोरांच्या तोंडचं पाणी मडक्याला घालायलीस," वडील म्हणाले. ते खोटं नव्हतं. घागरीच्या रांगेत मी उभी राहायचे, मला माहीत होतं तांब्याभर पाणी म्हणजे काय. शेजारणी तर उघड म्हणायच्या, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. आई म्हणाली, "सांडून देतेय व्हय म्या? आंबली की पितावच की तुमी समदे." आणि ते खरं होतं, आम्ही ती प्यायचो. पण मिलोची आंबील वाईटच होती. उगाच आठवणीत गोड करून सांगणार नाही. रंग विटकरीचा, वासाला कुबट, ताक नाही, लसूण नाही, शेवटची गोडी तर नाहीच. पण आंबटपणा अगदी जिथल्या तिथं होता. तो एक घोट तोंडात आला की वाटायचं, हे सगळं कधीतरी सरेल.

दुष्काळी कामावर आई खडी फोडायला जायची, सुट्टीच्या दिवशी मीही असायचे. गावच्या सोसायटीचा चेअरमन, ज्याच्या गोदामात वडील पोती उचलायचे, त्याची बायकोसुद्धा त्या वर्षी खडीवर आली होती. दुष्काळानं तेवढं केलं होतं. पण पाण्याचे रांजण कामावरही दोन होते, आणि आमचा कुठला ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. एका दुपारी आईनं आंबिलीचा डबा उघडला आणि पलीकडं बसलेली ती बाई मान वळवून बघायला लागली.

"काय गं, असल्या दुष्काळात आंबील कुठनं आणलीस?"

"मिलोची हाय."

"मिलोला असला वास येतंय व्हय?" बाईनं विचारलं, आणि तिनं आवंढा गिळलेला मी बघितला.

आईनं झाकणात आंबील ओतली आणि झाकण तिच्याकडं धरलं. बाई कसनुसं हसली आणि तिनं हातोडी उचलली. आईनं झाकण तिथंच तोंडाला लावलं आणि सावकाश रिकामं केलं. मला आईचा राग आला होता. कशाला पुढं करायचं झाकण? घरी येताना मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "तिला पायजे हुतं म्हणून."

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. खरिपाची हायब्रीड ज्वारी घरात आली, रब्बी रानात उभी राहिली. येळवस आठवड्यावर आली तेव्हा गावात एक नवीच अडचण होती. आंबील कुणाची आंबेना. दुष्काळात मडकी तडकली होती, कुणी ती पाण्याला लावली होती, कुणी फेकली होती. नवी मडकी कोरी. गुरं छावणीतून हाडं घेऊन परत आलेली, त्यामुळं ताक नाही. त्यात थंडी. पीठ पाण्यात घातलं की तसंच तळाला बसून राहायचं.

अशात एका दिवेलागणीला चेअरमनची बायको आमच्या घराच्या मागं, निवडुंगाच्या आडोशाला येऊन उभी राहिली. पदराखाली गाडगं होतं.

"तुझ्या मडक्यातलं विरजण दे जरा," ती हळू आवाजात म्हणाली. "येळवशीला बँकेचं सायब यायलेत रानात. आंबील आंबंना झालीय. कुणाला कळायचं न्हाय, तू बी सांगू नगंस."

 आई म्हणाली, "देते की. विरजणाला न्हाय म्हणत न्हाय म्या. पर येळवशीला तुमी आमच्या रानात यायचं. हाक मारीन. खाली बसायचं आन आमच्या पेल्यानं आंबील प्यायची."

बाईनं मागंपुढं बघितलं. "येते," ती पटकन म्हणाली. आईनं गाडगं भरून दिलं आणि बाई आली तशी गेली.

वडील आतून ऐकत होते. ते हंगामी हमाल होते; सोसायटीत कायम शिपाई करतो, असं चेअरमन त्यांना बरेच दिवस सांगत होता. "नुसतं द्यायचं हुतं गाडगं," ते म्हणाले. "शब्द कशाला घेतलास? चार लोकांत हाक मारलीस तर त्यो मला पुन्यांदा दारात उभा करंल का?"

"पोती तुमी उचलताव, त्येला उचलनारा पायजेच हाय," आई म्हणाली. "आन मडकं माझं हाय. तांब्याभर तांब्याभर पाणी घालून जगिवलंय म्या. चोरून न्यायला न्हाय जगिवलं."

वडील त्या रात्री तिच्याशी बोलले नाहीत. त्यांची भीती खरी होती हे मलाही कळत होतं, तरी मी आईच्या बाजूची होते.

येळवशीच्या दिवशी ओढ्याच्या अलीकडं आम्ही होतो आणि पलीकडच्या रानात चेअरमनची कोप. जीप येऊन उभी राहिलेली, सतरंज्या अंथरलेल्या, पाहुण्यांची पंगत बसलेली. वारा आमच्या बाजूला होता. त्यांनी मडक्यावरचं फडकं सोडलं आणि तो वास ओढा ओलांडून आला. आमच्या मडक्याचा वास. झोपेतून उठवलं असतं तरी मी ओळखला असता. पाहुणे पेले पुढं करत होते, कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आंबील झकास झालीय. चेअरमन मिशीत हसत होता. 

बाई वाढत होती. एकदाही तिनं आमच्याकडं बघितलं नाही. उन्हं कलायला लागली. आमच्या वस्तीतली एक चुलती येऊन आईला म्हणाली, "आली का तुझी पाव्हणी?"  आईनं पेला भरला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती बांधावर जाऊन उभी राहिली. वडील उठले, "राहू दे," म्हणाले. ती थांबली नाही.

"ओ बाई," तिनं हाक मारली. "या आंबील प्यायला."

 चेअरमननं मान वर केली. आईनं पुन्हा हाक मारली, आणि या वेळी आजूबाजूच्या सगळ्या रानांना ऐकू जाईल अशी.   बँकेचा साहेब बाहेरगावचा, त्याला यातलं काय ठाऊक. तो बाईला म्हणाला, "अहो, तुम्हाला बोलावतायत त्या."

येळवशीच्या हाकेला नाही म्हणायचं नसतं. तिथं बसलेल्या एकूणएक माणसाला ते माहीत होतं. बाईनं नवऱ्याकडं बघितलं, हातातली पळी खाली ठेवली, लुगडं सावरलं आणि ती ओढ्यात उतरली. चिखलातून, दगडांवरून आमच्या बाजूला आली. आईनं घोंगडीकडं हात केला. बाई बसली. आमचा पेला तिनं दोन्ही हातांनी घेतला, आधी लहान घोट घेतला, मग मोठा, मग पेला तळापर्यंत रिकामा केला. आसपासच्या रानांतली माणसं उभी राहून बघत होती.

बाईनं तोंड पुसलं. "मीठ कमी हाय गं," ती म्हणाली.

"मीठ बरुबर हाय," आई म्हणाली.

"कमीच हाय. म्या काय आजच प्यायलेय व्हय आंबील?"

"तुमाला खारट प्यायची सवं हाय. अजून एक घ्या, म्हंजी कळंल."

बाईनं दुसरा पेला घेतला आणि पिऊन झाल्यावर पुन्हा म्हणाली, कमीच आहे. आईनं पुन्हा सांगितलं, बरोबर आहे. दोघींचे आवाज चांगलेच चढले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आमच्या आंबिलीला गावातलं कुणी आजवर चांगलं म्हटलं नव्हतं, वाईटही म्हटलं नव्हतं, कारण ती कुणी तोंडाला लावलीच नव्हती. आज वरच्या आळीतली एक बाई आमच्या घोंगडीवर बसून तिच्यात खोट काढत होती. मला अतोनात आनंद झाला होता. आणि रागही आला होता, कारण मीठ बरोबर होतं.

चेअरमननं वडिलांना कायम केलं नाही. ते सोसायटीत हंगामीच राहिले, पाठ वाकेपर्यंत. ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. आईला त्याचं वाईट वाटायचं, हाक मारल्याचं कधी वाटलं नाही. पुढच्या येळवशीला आईनं हाक मारली तेव्हा बाई कोपीतून बाहेरच आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, आणि घोंगडीवर बसून पुन्हा मीठ कमी आहे म्हणाली.

मडकं आता माझ्याकडं आहे. आढ्याला नाही, स्वयंपाकघरातल्या हुकाला टांगलेलं असतं, आणि महिन्याला त्यात मूठभर पीठ नि तांब्याभर पाणी पडतं. नळाला पाणी असो वा नसो. परवा भावजयीनं आंबिलीचा घोट घेऊन नाक मुरडलं आणि म्हणाली, फार आंबट आहे, आणि मीठ कमी वाटतंय. मीठ मी वाढवलेलं नाही, वाढवणारही नाही. पण तिचं बोलणं मी ऐकून घेतलं, कारण ती माझ्या घरात बसून, माझ्या पेल्यानं पिऊन बोलली होती. ज्याला कमी वाटतं त्यानं इथं यावं, खाली बसावं, पेला रिकामा करावा आणि मग म्हणावं.